लाजर काही बोलला नाही

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका बाईंनी माझ्या हाती एक इंग्रजी पुस्तक ठेवले. बाई ख्रिस्ती. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा तापाने गेला, त्याला दोन वर्षे झाली. "गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. रचलेलं काय आणि घडलेलं काय, ते तुम्हाला कळतं. वाचून सांगा, हे खरं का?" एवढेच त्या म्हणाल्या. सणाच्या अंकात मरणाचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण फराळाचे एक ताट कमी झालेल्या घरातही दिवाळी येतेच.

पुस्तकाचे नाव 'हेवन इज फॉर रिअल'. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातले एक पाळक टॉड बर्पो यांनी लिन व्हिन्सेंट यांच्या मदतीने ते लिहिले आणि ते २०१० साली निघाले. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. २०१४ मध्ये चित्रपटही आला. २००३ साली बर्पो यांच्या चार वर्षेही पुरी न झालेल्या मुलाचे, कोल्टनचे, अपेंडिक्स फुटले आणि तो मरता मरता वाचला. पुढे काही महिन्यांनी तो सांगू लागला की, आपण स्वर्गात जाऊन आलो, येशूच्या मांडीवर बसलो, पणजोबांना भेटलो.

मुलगा काही बोलला की वडील लगेच बायबल उघडून त्याचा पडताळा घेतात. इथे माझ्यातला शिक्षक थबकला. प्रश्न जसा विचारावा तसे लहान मुलाचे उत्तर येते, हे मी रोज वर्गात पाहतो. शिवाय पाळकाच्या घरातल्या मुलाने सिंहासने आणि देवदूत ऐकलेले नसतील, असे कसे म्हणावे?

पण एका प्रसंगापाशी मी पुस्तक मिटून बसलो. मुलगा आईला सांगतो की, मला स्वर्गात आणखी एक बहीण भेटली. आईचा एक गर्भ पूर्वी पडला होता. मुलाला ते कोणी सांगितले नव्हते. आई तिचे नाव विचारते. तो म्हणतो, तिला नाव नाही, कारण तुम्ही ठेवलेच नाही. स्वर्ग असो वा नसो, त्या आईचे दुःख खरे आहे, आणि सगळ्या पुस्तकाचा प्राण त्या प्रसंगात आहे.

त्याच वर्षी 'द बॉय हू केम बॅक फ्रॉम हेवन' हे दुसरे पुस्तक निघाले. २००४ साली मोटार अपघातात सहा वर्षांचा अ‍ॅलेक्स मलार्की कायमचा पंगू झाला. त्याच्या स्वर्गयात्रेचे हे पुस्तक त्याच्या वडिलांनी लिहिले. जानेवारी २०१५ मध्ये अ‍ॅलेक्सनेच खुले पत्र लिहून कळवले की, मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो. लोकांचे लक्ष वेधावे म्हणून तसे बोललो. प्रकाशकांनी पुस्तक मागे घेतले. मला त्या पोराचा राग येत नाही. अंथरुणाला खिळलेले मूल काहीही बोलेल. त्याचे पुस्तक थोरांनी केले.

मग असे अनुभव सगळेच खोटे? तसेही नाही. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांची पाहणी हॉलंडमधील डॉक्टरांनी २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६२ जणांनी असा काही ना काही अनुभव सांगितला. मात्र दृश्ये ज्याच्या त्याच्या घरची असतात. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातील अशा हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यांत यमदूत येतात, चोपडी पाहिली जाते, भलताच माणूस आणल्याचे ध्यानी येते आणि त्याला परत धाडतात. आपल्याकडे परलोकीही कारकुनाची चूक होते!

अनुभव खरा असेल; त्याचा पुरावा मात्र होत नाही. आणि ख्रिस्ती शास्त्राला तरी असा पुरावा कुठे हवा आहे? योहानाच्या शुभवर्तमानात लाजर चार दिवस कबरेत राहून परत आला. तिकडे काय पाहिले याबद्दल त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. पौलाने तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलल्या गेलेल्या माणसाची गोष्ट काढली, पण तिथे ऐकलेले बोलायचे नसते असे म्हणून ती तिथेच सोडली. हे मौन मला फार मोलाचे वाटते. माहिती मिळाली म्हणजे विश्वासाचे काम संपले. आणि ज्याचे मूल गेले, त्याला तर विश्वासावरच दिवस काढायचे असतात.

पुस्तक परत करताना मी म्हणालो, "बाई, स्वर्गाचं मला सांगता येत नाही. पण त्या आईचं पान खरं आहे."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाला नाव होतं, गुरुजी." आणि दोन वर्षांत प्रथमच त्यांनी ते माझ्यापाशी उच्चारले. मग त्या बराच वेळ त्याच्याविषयी बोलत होत्या. पुस्तकाचा विषय पुन्हा निघाला नाही.