मूलनिवासी की बहिष्कृत? : ‘द अनटचेबल्स’चे पुनर्वाचन

‘आपण मूळचे कोण?’ हा प्रश्न आमच्या अर्धापूर परिसरातील व्याख्यानांतून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा तयारच असते : आपण या भूमीचे मूलनिवासी, इतर सारे उपरे. हे उत्तर स्वाभिमान जागविते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावावर सांगितले जाते, तेव्हा त्यांचा ग्रंथ उघडून पाहणे क्रमप्राप्त ठरते.

या उत्तरालाही इतिहास आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) परशुरामाशी झुंजलेल्या क्षत्रियांशी महारांचे नाते जोडले. १९४८ पर्यंत आमचा प्रदेश ज्या निझामी राज्यात होता, त्या राज्यात भाग्यरेड्डी वर्मा यांनी ‘आदि-हिंदू’ ही ओळख पुढे आणली. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. ‘भूमिपुत्र’ या कल्पनेला त्यातूनही बळ मिळाले. ज्यांना माणूस म्हणून नाकारले गेले, त्यांनी भूमीवर पहिला हक्क सांगणे स्वाभाविकच होते.

बाबासाहेबांचा मार्ग मात्र वेगळा आहे. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणारी उपपत्ती प्रथम तपासली आणि फेटाळली. मानवमितीच्या मापांवरून त्यांनी दाखविले की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड ठरतात. मग अस्पृश्य कोण? पराभूत होऊन विखुरलेल्या टोळ्यांतील माणसे. स्थिरावलेल्या गावांना राखणदार हवे होते, या वाताहत झालेल्यांना आश्रय हवा होता. परक्या टोळीचे म्हणून त्यांना गावकुसाबाहेर वसविले गेले. पुढे बौद्ध धम्म न सोडल्यामुळे आणि गोमांसभक्षण चालू राहिल्यामुळे, सुमारे इ. स. ४०० च्या सुमारास, त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. या उपपत्तीत आपले पूर्वज गावाचे आद्य रहिवासी नाहीत. त्या त्या गावापुरते ते बाहेरून आलेले आहेत. ‘मूलनिवासी’ सिद्धान्त याच ग्रंथाच्या आधारे मांडणे म्हणजे त्याचा अर्थ उलटा करणे होय. या ग्रंथात नागवंशाचा गौरव आहे, हे खरे. परंतु तो गौरव अस्पृश्यतेचे कारण म्हणून आलेला नाही.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे अनुमानाचा व कल्पनेचा आधार घेतल्याचे बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच मान्य केले आहे. मानवमितीची ती मापे आज प्रमाण मानली जात नाहीत. ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) मध्ये त्यांनी आर्यांच्या आक्रमणाची कल्पना नाकारली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकीय संशोधनाने मात्र इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात गवताळ प्रदेशातून पशुपालक भारतात आल्याचे दाखविले. तेच संशोधन असेही सांगते की आजच्या बहुतेक भारतीय समूहांत अनेक प्रवाह कमीअधिक प्रमाणात मिसळलेले आहेत. २०१३ च्या एका अभ्यासानुसार हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडले आणि नंतर गटांतर्गत विवाह रूढ झाले. आधी मिश्रण, मग बंदिस्ती, हे जातीचे स्वरूप बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधातच ओळखले होते. तपशील दुरुस्त झाला, गाभा टिकला.

आद्यत्वावर हक्क उभारले की काय होते, हे मलायाच्या उदाहरणावरून दिसते. तेथील १९५७ च्या संविधानाने मलय लोकांना विशेष स्थान दिले. पण मलय कोण, हे धर्म, भाषा आणि चालीरीतींवरून ठरविले. त्या द्वीपकल्पात मलय लोकांच्याही आधीपासून राहणाऱ्या ओरांग असली जमातींचा उल्लेख मात्र विशेष स्थानाच्या त्या कलमात नाही. ‘भूमिपुत्र’ हा शब्द असा बलवानाच्या हाती जातो आणि सर्वांत जुना रहिवासी दाराबाहेर राहतो.

भारतीय संविधानाने अनुसूचित जातींना संरक्षण दिले ते भोगलेल्या अन्यायामुळे. १९९० मध्ये बौद्धांना त्या सवलती मिळाल्या, तेव्हाही कोणी वंशावळ मागितली नाही. आमचा दावा जुनेपणावर उभा केला, तर उद्या एखादा नवा शोध तो पाडू शकेल. अन्यायावर उभा असलेला दावा कोणत्याही उत्खननाने पडणार नाही.

वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले आहे की गवत, कीटक, पक्षी यांच्या जाती त्यांच्या लक्षणांवरून भिन्न ठरतात. माणसांत असे जन्मजात भेदलक्षण नाही. ज्यांनी १९५६ साली हा धम्म स्वीकारला, त्यांनी उपरा आणि मूळचा हा भेद नव्याने रुजवावा काय, याचा विचार वाचकांनीच करावा.