नाद पेठेचा, नाद गॅलरीचा

संपादकांचा फोन आला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "या वर्षी सलालाचा खरीफ नको, जबल अख्दरचे गुलाब नकोत. चार वर्षं तेच छापतोय. काहीतरी वेगळं द्या." वेगळं म्हणजे काय द्यायचं? मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. कुस्ती, मिसळ आणि फुटबॉल या तीन विषयांवर आम्ही न विचारता बोलतो. त्यातला तिसरा विषय घेतो. पण खेळाबद्दल नाही लिहीत. खेळ बघणाऱ्यांबद्दल लिहितो.

सुरुवात इथल्याच एका रात्रीपासून करतो. १९ नोव्हेंबर २०१९. बौशरचं सुलतान काबूस क्रीडा संकुल. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ओमान विरुद्ध भारत. तेव्हा राष्ट्रीय दिन १८ नोव्हेंबरला असे, त्यामुळे सगळं मस्कत दिव्यांनी आणि झेंड्यांनी सजलेलं. सुलतान काबूस यांच्या हयातीतला तो शेवटचा राष्ट्रीय दिन ठरणार आहे, हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नव्हतं. सप्टेंबरमध्ये गुवाहाटीला छेत्रीने गोल करून आपल्याला पुढे नेलं होतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत ओमानने दोन गोल मारून सामना फिरवला होता. त्यामुळे आम्ही हिशोब चुकता करायच्या तयारीने गेलो होतो. मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा.

आमच्या बाजूला बसलेली बहुतेक मंडळी मल्याळी. पण 'बसलेली' हा शब्द चुकला. ती नव्वद मिनिटं उभीच होती. एक पोरगा मैदानाकडे पाठ करून उभा राहिला होता आणि हातवारे करत सगळ्यांकडून घोषणा म्हणवून घेत होता. त्याने सामना किती पाहिला असेल देव जाणे! मध्येच त्याने आमच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राचे ना? तुमचं एखादं गाणं होऊ द्या." आम्ही पाच-सहा मराठी माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी एकाने "गणपती बाप्पा" म्हटलं, आम्ही "मोरया" म्हटलं आणि विषय संपला. तेहेतिसाव्या मिनिटाला मोहसिन अल घस्सानीने गोल केला. आपण १-० ने हरलो.

घरी येताना मला पराभवापेक्षा ते गाणं जास्त खुपलं. त्याहून अधिक खुपणारी एक गोष्ट त्या रात्री घडली होती. ती शेवटी सांगतो.

पाठ करून उभ्या राहणाऱ्या त्या पोराचं घराणं इटलीतलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या तरुण प्रेक्षकांनी गोलमागच्या स्वस्त जागा ताब्यात घेतल्या आणि स्वतःला 'अल्ट्रा' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. नव्वद मिनिटं उभं राहायचं, ढोल थांबवायचा नाही, टीम हरत असेल तर आवाज वाढवायचा, आणि शक्यतो क्लबचा पैसा घ्यायचा नाही, म्हणजे क्लबला चार शब्द सुनावता येतात. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून उलगडत जाणारं भलंमोठं चित्र, ज्याला 'टिफो' म्हणतात, तेही तिकडचंच.

भारतात ही पद्धत गेल्या पंधरा वर्षांत फोफावली. २०१३ मध्ये बेंगळुरू एफसी निघाला आणि 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' उभे राहिले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि केरळ ब्लास्टर्सच्या मागे 'मंजप्पडा', म्हणजे पिवळी सेना, उभी राहिली. राष्ट्रीय संघासाठी २०१७ च्या सुमारास 'ब्लू पिलग्रिम्स' आले. कोलकात्यात ईस्ट बंगालचे अल्ट्राज आहेतच.

या सगळ्याचं कौतुक करावं की टीका? माझं मत दोन्हीकडे झुकतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिला आक्षेप नकलेचा. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या प्रेक्षकांची ती संथ टाळी गाजली आणि दोन वर्षांत आपल्या मैदानांवरही तीच टाळी वाजू लागली. चाली इंग्लंडच्या, ढोलाचा ठेका इटलीचा. अरे बाबांनो, ज्या देशात हलगी, ताशा आणि चेंडा आहे तिथे टाळी आइसलँडहून मागवायची? पण घाईने निकाल देऊ नये. मंजप्पडाची पोरं मल्याळममध्ये गातात. जानेवारी २०२० मध्ये सॉल्ट लेकवरच्या सामन्यात ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी नागरिकत्वाच्या प्रश्नावर बंगालीत फलक उलगडला होता. ही जमीन आम्ही रक्त देऊन मिळवली आहे, कागद दाखवून नव्हे, असा त्याचा आशय. फाळणीत घरं सोडून आलेल्यांच्या नातवंडांनी तो लिहिला होता. तो पटो न पटो, त्याला नक्कल म्हणता येणार नाही. साधन परकं असलं तरी चालतं, सांगायचं ते आपलं असायला हवं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आपल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रेक्षक हा सजावटीचा भाग समजला जातो. टीव्हीवर गॅलरी भरलेली दिसली पाहिजे, बस्स. मालकाचं मन उडालं की टीम गुंडाळली जाते आणि ढोल वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही. उदाहरण आपल्या पुण्याचंच. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झाला. बालेवाडीत त्याच्यासाठी घसा फोडणारी 'ऑरेंज आर्मी' तयार झाली. २०१९ मध्ये क्लब बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीतल्या त्या पोरांनी भगवे शर्ट कुणासाठी घालायचे? पाच वर्षांचं प्रेम आणि पुढ्यात टीमच नाही!

याच्या उलट उदाहरण मोहन बागानचं. २०२० मध्ये १८८९ सालच्या या क्लबच्या नावाआधी 'एटीके' ही अक्षरं चिकटली. समर्थकांनी ती काढा म्हणून तीन वर्षं पिच्छा पुरवला आणि मार्च २०२३ मध्ये लीग जिंकल्याच्या रात्रीच मालकांना ती काढत असल्याचं जाहीर करावं लागलं. फरक कशात? मोहन बागानचे समर्थक पिढ्यान्‌पिढ्यांचे. आजोबांनी नातवाला दिलेलं ते प्रेम. पुण्याच्या पोरांचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्याला मूळ धरायला वेळच मिळाला नाही.

आणि मूळ म्हटलं की मला कोल्हापूर आठवणारच. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांतून तालमी नांदल्या, आणि पुढे त्याच तालमींनी फुटबॉलच्या टीम उभ्या केल्या. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. नावं घेतानाही छाती फुगते! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. तिथे टीम विकत घेता येत नाही, कारण टीम म्हणजे गल्ली. गणपती बसवणारी, पूर आला की होड्या काढणारी, कुणाच्या मयताला खांदा देणारी पोरं तीच, आणि रविवारी शाहू स्टेडियमवर गळा काढणारीही तीच. माझे काका मला खांद्यावर बसवून न्यायचे. मी एकदा विचारलं, "काका, आपली टीम हरली तर?" ते म्हणाले, "हरली तर काय झालं? घर हरलं म्हणून घर बदलतोस व्हय रं?" अल्ट्रा हा शब्द काकांनी जन्मात ऐकला नव्हता.

पण पेठेचं गुणगान गाताना डोळे झाकून चालणार नाही. त्याच स्टेडियममध्ये दगड उडालेले मी पाहिले आहेत. सामन्यानंतर दुसऱ्या पेठेतून सायकल काढायची चोरी होती. पोलीस बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नसे, आणि आमच्या घरातली एकही बाई कधी मैदानावर गेली नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डनवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात प्रेक्षकांत मारामारी होऊन १६ जण मेले. १ फेब्रुवारी २०१२ ला इजिप्तमधल्या पोर्ट सईदला सामन्यानंतर ७० हून अधिक माणसं गेली. 'आपण' म्हणायला 'ते' लागतात, आणि 'ते' फार मोठे झाले की हातात दगड येतो. हा दोष आयात केलेला नाही. तो पेठेतही होता, माझ्यातही होता.

म्हणूनच १८ ऑगस्ट २०२४ चा दिवस मला फार मोठा वाटतो. कोलकात्यातल्या तरुण डॉक्टरवरील अत्याचार आणि खुनाने शहर हादरलं होतं. ड्युरँड कपमधला ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना रद्द झाला. तेव्हा दोन्ही क्लबांचे समर्थक, आणि मोहामेडनचेही, न्यायाची मागणी करत स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्रच खाल्ल्या. शंभर वर्षांचं हाडवैर बाजूला ठेवता येतं, हे राजकारण्यांनी नव्हे, फुटबॉलवेड्यांनी दाखवलं. माझ्या लेखी प्रेक्षकांची परीक्षा हीच. तुमचा टिफो किती मीटरचा होता ते विचारू नका. ढोल खाली ठेवायची वेळ आली तेव्हा तुम्ही कुठे होतात, ते सांगा.

आता ती राहिलेली गोष्ट.

माझा मुलगा मस्कतचा. जन्म इथला, शाळा इथली. त्या रात्री त्याच्या एका हातात तिरंगा होता आणि दुसऱ्या हातात आदल्या दिवशीचा, राष्ट्रीय दिनाचा ओमानी झेंडा. गोल झाला तेव्हा त्याने, सवयीने म्हणा, दुसरा हात वर केला. मागून कुणीतरी काहीतरी बोललं. मी झटक्यात तो झेंडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि खिशात कोंबला. मुलगा काही बोलला नाही. उरलेला सामना त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिला. ज्या देशाने मला अठ्ठावीस वर्षं पोटाला दिलं, त्याचा झेंडा मी मुठीत चुरगळला होता. ते करणारा माणूस काकांचा पुतण्या नव्हता, दगड उचलणाऱ्यांतला होता.

८ सप्टेंबर २०२५ ला ताजिकिस्तानात नेशन्स कपच्या तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा भारत आणि ओमान भेटले. १-१ बरोबरी, मग पेनल्टी, गुरप्रीतने शेवटची अडवली आणि आपण पहिल्यांदाच ओमानवर मात केली. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. त्याचा फोन आला. मी आनंदाने ओरडलो, "जिंकलो रे!" तो हसला आणि म्हणाला, "हो बाबा, जिंकलो. आणि हरलोही. मला दोन्ही चालतं."

मला अजून दोन्ही चालत नाही. पेठेत वाढलेल्या माणसाला ते जमायला वेळ लागेल. पण आपल्या मंडळातली बहुतेक मुलं आज त्याच्यासारखी आहेत आणि त्यांच्या हातातला एक झेंडा काढून घ्यायचा हक्क आपल्याला नाही. पुढच्या वेळी बौशरला हे दोन संघ भेटतील तेव्हा आपण पंचवीस-तीस मराठी घरं एकत्र जाऊ या. गणेशोत्सवातले ढोल-ताशे मंडळाच्या कपाटात आहेत, परवानगी मिळाली तर तेही घेऊ. आणि हो, तोपर्यंत कुणीतरी एक मराठी गाणं रचून ठेवा. मल्याळी पोरगा पुन्हा विचारणार आहे.