मौनाची मालकी : रेव्हन चाकोन यांच्या ध्वनिरचनांचा विचार

प्रास्ताविक

‘आवाज नसलेल्यांना आवाज देणे’ हे अलीकडच्या समीक्षेतील एक आवडते विधान आहे. वंचित समूहांच्या साहित्याविषयी व कलेविषयी लिहिताना ते इतक्या सहजतेने योजले जाते की, आवाज देणारा कोण, तो कोणत्या जागी उभा राहून देतो आणि ती जागा मुळात कोणाची, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. अमेरिकेतील नॅव्हाहो (त्यांच्या स्वतःच्या भाषेत ‘दिने’) समाजात जन्मलेले प्रयोगशील संगीतरचनाकार व दृश्यकलावंत रेव्हन चाकोन यांच्या निर्मितीच्या केंद्रस्थानी नेमके हेच प्रश्न आहेत. २०२२ मध्ये ‘व्हॉइसलेस मास’ या रचनेसाठी त्यांना संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले मूलनिवासी अमेरिकन रचनाकार होत. प्रस्तुत लेखात त्यांच्या निवडक रचनांच्या आधारे ‘मौन’ या संकल्पनेला त्यांनी दिलेला नवा अर्थ तपासला आहे.

जडणघडण

चाकोन यांचा जन्म १९७७ साली ॲरिझोनातील फोर्ट डिफायन्स येथे झाला. हे गाव नॅव्हाहो राष्ट्राच्या हद्दीत असले, तरी त्याचे नाव १८५१ मध्ये अमेरिकी लष्कराने तेथे उभारलेल्या किल्ल्यावरून आलेले आहे. १८६४ पासून हजारो नॅव्हाहो स्त्री-पुरुषांना सक्तीने पायी चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेण्यात आले आणि १८६८ च्या तहानंतरच त्यांना आपल्या भूमीवर परतता आले. भूमी, लष्कर आणि नामकरण यांचा हा गुंता चाकोन यांच्या कलेची पार्श्वभूमी आहे.

न्यू मेक्सिको विद्यापीठातील पदवीनंतर त्यांनी ‘कॅलआर्ट्स’ या संस्थेत २००४ मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. तेथे जेम्स टेनी, मॉर्टन सबॉटनिक, वाडाडा लिओ स्मिथ यांसारख्या रचनाकारांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. म्हणजेच, अमेरिकन प्रयोगवादी संगीताची परंपरा त्यांनी आतून आत्मसात केली आहे. त्यांना केवळ ‘आदिवासी संगीताचे प्रतिनिधी’ मानणे म्हणूनच अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात विचारात घेतलेल्या रचना विधिगीतांच्या उसन्या सुरांवर उभ्या नाहीत.

मौनाचा नवा अर्थ

प्रयोगवादी संगीतात मौनाची चर्चा जॉन केज यांच्या १९५२ च्या ‘चार मिनिटे तेहतीस सेकंद’ या रचनेपासून सुरू होते. वादकाने काहीही न वाजविता श्रोत्याला सभोवतालचे आवाज ऐकू द्यावेत, ही त्यामागील भूमिका होती. केज यांच्या लेखी मौन कोणाच्याच मालकीचे नसते. चाकोन यांचे वेगळेपण येथेच सुरू होते.

१९९९ च्या ‘फील्ड रेकॉर्डिंग्ज’ मध्ये त्यांनी विंडो रॉक, सँडिया पर्वत व कॅन्यन डी शे या शांत स्थळांचे ध्वनिमुद्रण केले आणि ते ध्वनिवर्धनाच्या कमाल पातळीपर्यंत नेले. परिणामी निवांत निसर्गाऐवजी कानठळ्या बसविणारा गोंगाट ऐकू येतो. वाळवंट ‘रिकामे’ असते, ही वसाहतवादी समजूत येथे खोटी ठरते. तेथे काहीच नव्हते असे नाही. ऐकणारा ऐकत नव्हता.

२००१ च्या ‘रिपोर्ट’ या रचनेत पिस्तुले, रायफली व शॉटगन हीच वाद्ये आहेत आणि गोळीबार रीतसर स्वरलेखनात बांधलेला आहे. हिंसेलाही लय, विराम व शिस्त असते, हे अस्वस्थ करणारे सत्य त्यातून समोर येते. बंदुकीच्या दोन आवाजांमधील विराम हा केज यांचा निरागस विराम राहत नाही. तो पुढच्या गोळीची प्रतीक्षा होतो.

याच विचाराचा सामाजिक विस्तार ‘सायलेंट क्वायर’ मध्ये आढळतो. २०१६ मध्ये स्टँडिंग रॉक येथे तेलवाहिनीविरोधी आंदोलनात स्त्रियांच्या पुढाकाराने शेकडो लोक सशस्त्र यंत्रणेसमोर निःशब्द उभे राहिले. त्या क्षणाचे ध्वनिमुद्रण म्हणजे ही रचना. येथे मौन लादलेले नाही, ते निवडलेले आहे. लादलेले मौन आणि निवडलेले मौन यांतील हा भेद चाकोन यांच्या कलेचा गाभा म्हणता येईल.

‘व्हॉइसलेस मास’

हा भेद सर्वाधिक तीव्रतेने प्रकटतो तो ‘व्हॉइसलेस मास’ मध्ये. २१ नोव्हेंबर २०२१ रोजी मिलवॉकी येथील सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट कॅथीड्रलमध्ये तिचे प्रथम सादरीकरण झाले. ‘मास’ हा ख्रिस्ती उपासनेतील गायनाचा प्राचीन प्रकार. पण या रचनेत एकही गाणारा कंठ नाही. पाइप ऑर्गन, बासरी, क्लॅरिनेट, तालवाद्ये, तंतुवाद्ये व इलेक्ट्रॉनिक शुद्धस्वर एवढाच तिचा संच आहे. ज्या चर्चसंस्थेने निवासी शाळांद्वारे मूलनिवासी मुलांच्या जिभेवरून त्यांची भाषा पुसण्यास हातभार लावला, तिच्याच वास्तूत ही कंठहीन उपासना घडते. सत्ताधाऱ्यांना जागा सोडायची नसेल, तर त्यांनी देऊ केलेला ‘आवाज’ निष्फळ आहे, ही चाकोन यांची भूमिका आहे. म्हणून ते मूकांच्या वतीने गात नाहीत. गाण्याची जागा रिकामी ठेवून ते ती श्रोत्याला दाखवतात.

स्वरलेखन आणि मर्यादा

चाकोन यांची स्वरलिपी हेही स्वतंत्र दृश्यकार्य आहे. ‘अमेरिकन लेजर क्र. १’ (२०१८) मध्ये अमेरिकेच्या स्थापनेची कथा चिन्हांत मांडलेली असून तिच्या सादरीकरणात नाणी, कुऱ्हाड व लाकूड, पोलिसी शिटी आणि पेटणारी काडी यांचा वापर होतो. ‘फॉर झिटकाला-शा’ मधील तेरा आलेखरचना समकालीन मूलनिवासी स्त्री-संगीतकारांना उद्देशून केलेल्या आहेत.

तथापि एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. या रचनांचा अर्थ बऱ्याच अंशी स्थळ, इतिहास व निवेदन यांवर अवलंबून असतो. कॅथीड्रलबाहेर, केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यास ‘व्हॉइसलेस मास’ ही एक संथ, गंभीर ध्वनिरचना वाटू शकते. तिच्यातील आरोप त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. शिवाय, ज्या व्यवस्थेवर हा आरोप आहे, तिच्याच प्रतिष्ठित संस्था त्यास पारितोषिक देतात, तेव्हा आरोपाचे रूपांतर अलंकारात होण्याचा धोका उरतो.

समारोप

या धोक्याचे उत्तर रचनांपेक्षा चाकोन यांच्या अध्यापनकार्यात अधिक मिळते. २००४ पासून ते मूलनिवासी राखीव क्षेत्रांतील शालेय विद्यार्थ्यांना तंतुवाद्य-चतुष्टयासाठी रचना करण्यास शिकवीत आले आहेत. तेथे विद्यार्थ्यांच्या वतीने कोणी बोलत नाही. लेखणी त्यांच्याच हाती असते आणि वादक त्यांनी लिहिलेले वाजवितात. आवाज देणे आणि जागा देणे यांतील अंतर येथे प्रत्यक्ष ओलांडले जाते. वंचितांच्या अभिव्यक्तीचा विचार करणाऱ्या समीक्षेनेही ‘कोणाला आवाज मिळाला?’ या प्रश्नाआधी ‘कोणी जागा सोडली?’ हा प्रश्न विचारावा, असे चाकोन यांची कला सुचविते.