‘मंडळी’ आणि ‘फॅक्टरी’ : एका चित्रपटातील पिढ्यांचे सहकार्य

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा येथे जो मंदिरसमूह उभा आहे, त्याच्याशी निगडित असलेली कथा मुळात पितापुत्रांची आहे. दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र हवा, की गुणवान पण अल्पायुषी, असा प्रश्न मृकंडू ऋषींपुढे आला आणि त्यांनी दुसरा पुत्र पसंत केला. निवड पित्याची होती. तिचे मोल देण्याची पाळी मात्र शिवलिंगाला मिठी मारणाऱ्या मुलावर आली. महाशिवरात्रीच्या यात्रेला मार्कंड्यास येणाऱ्या झाडीपट्टीतील माणसाला ही कथा परिचयाची असते. हाच माणूस हिवाळ्यात रात्र रात्र जागून नाटके पाहतो. त्याच्या दृष्टीने परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा चित्रपट पाहिला, तर त्यातील विनोदाच्या तळाशी असाच एक प्रश्न आढळतो : वडिलांच्या ध्यासात मुलांचा वाटा किती, आणि तो देण्याचे ठरवतो कोण?

धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट कसा तयार केला, याची ही हकीकत आहे. तिचा मुख्य काळ १९११ ते १९१३ हा आहे. नंदू माधव यांनी फाळके आणि विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाई रंगविल्या आहेत. चित्रपट तयार करणे ही येथे एका थोर पुरुषाची एकाकी साधना राहत नाही. ते साऱ्या घराचे काम होते. घरातील सामान विकले जाते, कुंडीतील रोपाच्या वाढीचे चित्रण हा कुटुंबाचा सोहळा होतो, आणि मुले वडिलांच्या प्रयोगात खेळगड्यांसारखी सामील होतात. थोरांचे गांभीर्य आणि पोरांचे कुतूहल यांची पातळी एक झाली की हास्य उत्पन्न होते, हे दिग्दर्शकाने अचूक ओळखले आहे.

चित्रपटाच्या नावातील ‘फॅक्टरी’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. त्या काळी नाटक-तमाशाप्रमाणेच या नव्या धंद्यालाही प्रतिष्ठा नव्हती. म्हणून कोणी विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत’ असे सांगावे, अशी युक्ती फाळके यांनी आपल्या माणसांना शिकविली. सत्यवचनी राजाच्या नावाने एक सोयीचे असत्य चलनात आले! परंतु या शब्दाचे कार्य केवळ लपविण्याचे नाही. ‘नाटक’ म्हटले की घरातील वडीलधारे संतापणार. ‘फॅक्टरी’ म्हटले की पगार, वेळ आणि शिस्त यांचा बोध होऊन ते निश्चिंत होणार. दोन पिढ्यांमधील तंटा एका परकीय शब्दाने मिटविला आहे.

याच्या उलट, त्या घरात जे प्रत्यक्ष घडत होते त्याला मराठीत जुनाच शब्द आहे : ‘मंडळी’. नाटक करणाऱ्यांचा संघ म्हणजे मंडळी, घरची माणसे म्हणजे मंडळी, आणि जुन्या वळणाच्या बोलण्यात पत्नी म्हणजेही मंडळी. सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडतात आणि साऱ्या चमूचा स्वयंपाकही करतात. तेव्हा या शब्दाचे तिन्ही अर्थ एका व्यक्तीत एकत्र येतात. पुढे १९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ निघाली आणि थोड्याच वर्षांत मतभेद होऊन फाळके तिच्यातून बाहेर पडले. चित्रपटातला आनंद हा ‘मंडळी’ची ‘कंपनी’ होण्यापूर्वीचा आहे.

मिशांचा प्रसंग या दृष्टीने मार्मिक आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांनी मिशा काढाव्यात, तर त्या बाप वारल्यावरच काढायच्या, अशी रूढी आड येते. दंडारीत पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची परंपरा ज्या मुलखात आहे, तेथे या प्रसंगाचे मर्म सांगावे लागत नाही. हसू येते; पण पित्याच्या हयातीत पुत्राने नवे काम पत्करणे म्हणजे काय, हेही त्यातून उमजते.

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. रोहिदासाला कथेत सर्पदंशाने मरण येते. म्हणून कोणी आईबाप आपले मूल द्यावयास धजेनात आणि अखेर फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने ती भूमिका केली. मृकंडूची निवड ती हीच. इतरांनी जे अशुभ मानून नाकारले ते या पित्याने स्वतःच्या मुलाकडून करविले. हा निर्णय अंधश्रद्धेवरील विजय होता, की ध्यासाचा निष्ठुरपणा? बहुधा दोन्ही. चित्रपटाचा खेळकर सूर पहिल्या अर्थाला न्याय देतो, दुसऱ्याजवळ थांबत नाही. सरस्वतीबाईंची संमतीही इतकी सहज मिळते की तिच्यामागचे कष्ट हास्यात विरून जातात. सहकार्याला मोल येते ते नकाराची शक्यता असताना; ती शक्यता जेथे क्षीण होते तेथे सहकार्य केवळ आज्ञापालन ठरते.

तथापि या मर्यादेमुळे चित्रपटाचे श्रेय उणावत नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात जे प्रदर्शित झाले, त्याच्या मागे एक घर उभे होते, हे त्याने ठसविले. वडशाच्या नाटक मंडळींचा खेळ पाहणाऱ्याला हे नवे वाटणार नाही; पडद्यामागे कोण राबते हे त्याला ठाऊक असते. मार्कंड्याच्या कथेत मुलगा वाचतो, ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही रोहिदास पुन्हा उठतो. सुखान्त दोन्हीकडे आहे. पण मुलाला मृत्यूच्या दाराशी नेऊन आणल्यावाचून तो कोठेही लाभलेला नाही, याचे स्मरण प्रेक्षकाने आपल्यापाशी ठेवावे.