माणसाचा स्वभाव, राज्याचा दंड आणि भिवंडी

राज्य कसे असावे, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न उभा असतो: माणूस कसा आहे? आपले राज्यशास्त्र पहिल्या प्रश्नावर पानेच्या पाने खर्ची घालते. दुसऱ्याचे उत्तर मात्र गृहीत धरते. त्या गृहीतात कोणाचे हितसंबंध दडलेले असतात, हे तपासण्याचे काम आपल्यावर येऊन पडते.

पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुस्तकाचे नाव आहे, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसे मेली. हा आकडा श्रीकृष्ण आयोगाचा. भिवंडी त्या वेळी शांत राहिली. लेखकाने प्रश्न विचारला तो उत्तर देण्यासाठीच. परंतु हा प्रश्न आपल्याला खटकत का नाही? भिवंडी म्हणजे जळणारच, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते म्हणून. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच घडले. एवढ्यावरून यंत्रमागावर बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसांचा 'स्वभाव' ठरला, आणि त्या स्वभावाला साजेसा राज्यकारभारही ठरला: जादा कुमक, संचारबंदी, धरपकड.

या विचाराचे मूळ जुने आहे. स्वभावतः शुद्ध माणूस दुर्मिळ, म्हणून जग दंडाच्या भयाने चालते, असे मनुस्मृतीचा सातवा अध्याय सांगतो. इंग्लंडमधील यादवीचा अनुभव घेऊन हॉब्जनेही १६५१ च्या 'लेव्हायथन'मध्ये सार्वभौम सत्ता भयाच्याच पायावर उभी केली. म्हणून या दोघांना एकाच माळेत ओवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. हॉब्जचे भय सर्व माणसांना सारखे लागू आहे. दुबळाही बलवंताला मारू शकतो, म्हणून त्याच्या लेखी सारे समान. मनूचा अविश्वास मात्र वर्णवार वाटलेला आहे. ब्राह्मणाला अपशब्द बोलणाऱ्या क्षत्रियाला शंभर पणांचा दंड; शूद्राने तेच केले तर शारीरिक शिक्षा. सारीच माणसे अशुद्ध असतील तर शिक्षा वेगळी का? मानवी स्वभावाचा सिद्धांत येथे नाहीच. येथे जन्माची प्रतवारी आहे आणि तिला स्वभाव हे नाव दिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले, ते हेच.

त्याच महाडच्या १९७० च्या दंगलीची चौकशी भिवंडी व जळगावबरोबर न्या. मादन आयोगाने केली. भिवंडीतील पोलीस तपासाच्या पक्षपातावर आयोगाने कठोर ठपका ठेवला. दंडनीतीचे सारे पितळ येथे उघडे पडते. माणूस वाईट, म्हणून दंड हवा, हे क्षणभर मानू. पण दंड ज्याच्या हाती द्यायचा, तो कोण? तोही माणूसच. त्याचेही पूर्वग्रह याच समाजाने घडविलेले.

बाबासाहेबांचे वेगळेपण इथे आहे. माणसाच्या चांगुलपणावर ते भाबडेपणाने विसंबले नाहीत. संवैधानिक नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. म्हणून मूलभूत हक्क, म्हणून न्यायालयाचे दार. पण स्वभाव जन्माने ठरतो, हेही त्यांनी मानले नाही. दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा दरिद्र्यांना धन देत नाही, म्हणून चोरी वाढते. तो चोरांची मुंडकी उडवू लागतो, तेव्हा प्रजाही शस्त्रे घडविते. दुष्टपणाचे मूळ रक्तात नाही, परिस्थितीत आहे. आणि परिस्थिती बदलता येते.

भिवंडीने याचा पडताळा दिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या झाल्या. वस्तीतले हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले. माणसे तीच होती, गल्ल्या त्याच होत्या. बदलली ती रचना. १९९२ मध्ये मुंबई जळत असता तीच 'जळणारी' माणसे शांत राहिली.

तरीही टाळ्या वाजवून थांबता येणार नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच गावात गोळीबार झाला, त्यात दोघे मेले. जमावाने दोन पोलिसांना ठार केले. शांतता कोणा एका अधिकाऱ्याच्या सद्भावावर उभी असेल तर ती त्याच्या बदलीबरोबर डळमळते. विभूतिपूजेविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिलेला इशारा चांगल्या अधिकाऱ्यालाही लागू आहे. वरून आलेली कमिटी लोकांचा हक्क झाली पाहिजे, आणि तिच्यात यंत्रमाग कामगार, दलित वस्तीतली माणसे आणि बाया यांना मानाने बसता आले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी एक सवय लावून घ्यावी. 'ती माणसे तशीच' हे वाक्य कानी पडले की विचारावे: हे कोण बोलतो आहे, आणि त्याच्या हाती कोणता दंड आहे? आपल्या पूर्वजांविषयी हेच वाक्य शतकानुशतके बोलले गेले. ते आपल्या तोंडून दुसऱ्या कोणाविषयी निघता कामा नये.