किमान आहे, कमाल नाही

इंटरनेट वापरणाऱ्याचा आयपी पत्ता कोणी नोंदवावा आणि किती काळ जपावा, याविषयीचे आपल्याकडचे नियम वकिलांखेरीज फारसे कोणी वाचत नाही. मी ते समीक्षेच्या सवयीने, एक संहिता म्हणून वाचले. संहितेत काय म्हटले आहे याइतकेच काय म्हटलेले नाही, तेही पाहावे लागते.

आधी 'पत्ता' या शब्दाविषयी. घराचा पत्ता बदलायचा तर घर सोडावे लागते. आयपी पत्ता तसा नाही. जुन्या पद्धतीचे असे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४३० कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. भोकरमधल्या कुणाच्या फोनचा सकाळचा आकडा दुपारी दुसऱ्याच गावातल्या कुणाचा असू शकतो. लॉजच्या खोलीसारखेच हे आहे. तारीख आणि वेळ माहीत नसेल तर खोलीच्या क्रमांकावरून माणूस सापडत नाही.

याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ऑर्कुटवर शिवछत्रपतींची बदनामी करणारा मजकूर आला, म्हणून २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. कंपनीने त्या आयपी पत्त्यापुढे दिलेले नाव चुकीचे होते. हे उघड होऊन सुटका होईपर्यंत सुमारे ५० दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता.

त्यानंतरचे नियम पाहू. २०११ चे सायबर कॅफेविषयक नियम ग्राहकाचे ओळखपत्र, संगणकाचा क्रमांक, येण्याजाण्याची वेळ अशी नोंदवही किमान एक वर्ष ठेवायला सांगतात. कप्प्यांची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, इतका तपशील त्यांत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार परवान्यातली नोंदी जपण्याची मुदत एका वर्षावरून किमान दोन वर्षे झाली. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी व्हीपीएन देणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण पाच वर्षे जपायला सांगितले. घड्याळे सरकारी वेळेशी जुळवण्याची सक्तीही केली. ही शेवटची अट मला सर्वांत शहाणी वाटते; पुण्यासारख्या प्रकरणात वेळ हाच पुरावा असतो.

नोंदीच नकोत, असे मी म्हणत नाही. ओटीपी विचारून एखाद्या शेतकऱ्याचे खाते रिकामे केले जाते, तेव्हा चोरापर्यंत जाणारा धागा बहुधा अशा नोंदीतच असतो. माझा आक्षेप संहितेच्या तोलाला आहे. तिच्यात 'किमान' जागोजाग आहे, 'कमाल' मात्र कुठेच नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काम संपल्यावर माहिती पुसायला सांगतो खरा, पण दुसरा कायदा जपायला सांगत असेल तर सूट देतो. माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा त्यातला हक्क मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. सक्तीने ठेवलेल्या नोंदीला संमती लागतच नाही. म्हणजे जिथे चूक सर्वांत महाग पडते, तिथेच हक्क तोकडा पडतो.

यापेक्षा आपला महसूल कायदा जुना असूनही समंजस आहे. फेरफाराची नोंद झाली की तलाठी तिची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकत घेतली तर ती नोंदवतो. त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. सातबाऱ्यावर चुका होत नाहीत असे नाही, पण चूक होऊ शकते हे तो कायदा गृहीत धरतो. आयपी नोंदींच्या नियमांत ही शक्यताच धरलेली नाही.

युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रेयर खटल्यात म्हटले, की सतत बदलणारा आयपी पत्तादेखील, त्यामागचा माणूस कायदेशीर मार्गाने शोधता येत असेल, तर वैयक्तिक माहितीच ठरतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले आहे. मग या नियमांत तीन वाक्ये वाढवायला अडचण नसावी: नोंद जास्तीत जास्त किती काळ ठेवायची, केवळ आयपी पत्त्यावरून, दुसऱ्या पुराव्याशिवाय अटक करायची नाही, आणि तपास संपल्यावर ज्याची नोंद काढली त्याला तसे कळवायचे. सायबर कॅफेतल्या कप्प्याची उंची फुटांत मोजून देणाऱ्या नियमकर्त्यांना एवढा तपशील अवघड नाही.