एकशे एकावा अडकित्ता

माणसाला छंद असावा, असं शाळेत शिकवतात. तो किती खोल्यांचा असावा, हे मात्र कोणी शिकवत नाही.

तसं आमच्या खारदांड्याला साठवणीचं वावडं नाही. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील सुकतात, आगोटीला डब्यांत जातात आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, की कालवणात उतरतात. जमा झालेलं खर्ची पडतं, खातं जुळतं.

आमच्या एका शेजाऱ्यांचं मात्र जुळत नाही. ते अडकित्ते जमवतात. घरात सुपारी कोणी खात नाही. खुद्द संग्राहकाच्याच दाढा हलतात! खोली एक, पेट्या सात आणि बारावीतली मुलगी अभ्यासाला जिन्यात. परवा एकशे एकावा अडकित्ता आला, तो तिच्या फीची मुदत ठेव मुदतीआधी मोडून. मी पडलो बँकेतला कारकून. बुडालेल्या व्याजावर हळहळलो. तर म्हणाले, "अहो, पुण्याच्या केळकरांनी असे हिशेब केले असते तर संग्रहालय झालं असतं का?"

केळकरांचं नाव निघालं की आपण गप्प बसतो. बसू नये. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, वाद्यं, दरवाजे आणि हो, अडकित्तेसुद्धा! पत्नी कमलाबाईंची साथ होती. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं आणि 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथं वीस हजारांवर वस्तू आहेत. तिकीट काढून कोणीही जावं आणि आपल्या पणजीच्या स्वयंपाकघरापुढे उभं राहावं. आमच्या शेजाऱ्यांच्या पेट्यांना कुलूप आहे आणि किल्ली करदोट्याला!

यावर त्यांचं दुसरं उत्तर तयार असतं: "ही गुंतवणूक आहे हो!" बरं. ब्रिटिश गयानाचं 1856 सालचं एक सेंटचं तिकीट घ्या. जगात एकच. अमेरिकेतल्या एका बूटवाल्या धनिकानं 2014 मध्ये ते सुमारे 95 लाख डॉलरला घेतलं. 2021 मध्ये विकलं, तेव्हा आले सुमारे 83 लाख. सात वर्षांत व्याज तर राहोच, मुद्दलालाही कात्री! त्या गृहस्थांना ती हौस परवडली. त्यांची मुलं काही जिन्यात अभ्यास करत नव्हती.

माझा राग अडकित्त्यांवर नाही, वाचकहो. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या कोपऱ्यात मावेल तेवढं खुशाल जमवा आणि आल्यागेल्याला हौसेनं दाखवा. पण घरच्यांची जागा आणि घरच्यांचा पैसा त्यांना न विचारता त्यात गेला, की त्याला छंद म्हणू नये. आमच्या भाषेत ते बिनतारणी कर्ज, आणि तेही फेडायचं दुसऱ्यानं.

उद्या त्या मुलीच्या कॉलेजच्या अर्जात 'वडिलांची मालमत्ता' असा रकाना निघाला, तर बिचारीनं काय लिहावं? आणि फीच्या खिडकीवरचा कारकून सुपारी खाणारा निघाला, तरी अडकित्ता काही घेणार नाही.